ताशी पाच किलोमीटर चालणारी बाई

बोईसरच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात बरीच हवा होती. आमच्या पालघरच्या आळीत गणित घेऊन पदवी मिळवलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे घरात दूध उतू जाण्यापासून पाहुणा कधी उठेल इथपर्यंत सगळे हिशेब माझ्याकडे येत. येत म्हणजे, मीच ते ओढून घेत असे. वडील कचेरीतून निघाले की किती मिनिटांनी दारात उभे राहतील हे मी आईला सांगायची. ते पाच मिनिटं उशिरा आले तर त्यांचं काहीतरी चुकलं असं मी धरून चालायची. माझं चुकलं असेल अशी शंका मला येत नसे.

काळ, काम आणि वेग हा माझा लाडका भाग. अंतराला वेगानं भागलं की वेळ मिळते. इतकी स्वच्छ गोष्ट हाताशी असताना लोक बसस्टँडवर ताटकळत का उभे राहतात, हे मला खरोखर कळत नसे.

या लाडक्या भागानं माझं एक लग्न मोडलं, तेही आधी सांगून टाकते. मला बघायला वसईहून एक मुलगा आला होता. मुलगा चांगला होता, बँकेत होता, बोलायला मऊ. शिऱ्याची बशी त्याच्या हातात होती आणि त्यानं मला विचारलं, "तुम्हाला कशाची आवड आहे?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याची परतीची गाडी किती वाजता, आमच्या घरापासून स्टेशन किती लांब आणि त्याच्याबरोबर आलेल्या त्याच्या आत्याबाई किती सावकाश चालतात, हे सगळं मी ते आले तेव्हाच मनात मांडून ठेवलं होतं. मी म्हणाले, "तुम्हाला चार मिनिटांत निघायला हवं. आत्याबाई बरोबर आहेत, म्हणजे तीनच धरा." ते दोघं अर्धा शिरा टाकून उठले. गाडी त्यांना मिळाली. निरोप मात्र आला नाही. आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि मी तिला गाडी मिळाली होती हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

बोईसरला मी रोज पालघरहून गाडीनं जायची. पण पावसाळा आला आणि गाड्या अडकू लागल्या, तेव्हा शाळेजवळच एका घरात खोली घेतली. ते दिवस मैल जाऊन किलोमीटर आल्याचे होते. पुस्तकं नवी झाली होती, माणसं जुनीच होती. वर्गात मी किलोमीटर शिकवायची आणि बाहेर पडलं की सगळे मैलात बोलायचे. तारापूरकडे समुद्राच्या काठी वीज केंद्राचं काम सुरू झालं होतं. बोईसरच्या रस्त्यावर ट्रक वाढले होते आणि हॉटेलात चहा मागताना हिंदी ऐकू येऊ लागली होती.

माझ्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात सात मुलं होती. तीन घिवलीची, कोळ्यांची. दोन पामची. एक बेटेगावचा. आणि एक मुलगा पूर्वेच्या डोंगराकडून यायचा. तो अडीच तास चालत येई आणि तरी माझ्या आधी वर्गात असे. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं, 'एक माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो. त्याला बारा किलोमीटर जायला किती वेळ लागेल?' डोंगराकडचा मुलगा उभा राहिला.

"बाई, चढावर का उतारावर?"

"सपाटीवर धर."

"डोक्यावर भारा हाय का?"

"नाही. रिकामा आहे."

तो म्हणाला, "मंग तो एवढा लांब चाललाय कशाला?"

वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं आणि उत्तर लिहून दिलं, दोन तास चोवीस मिनिटं. त्या दिवशी संध्याकाळी घरमालकिणीला मी ही गोष्ट खेड्यातल्या मुलांच्या अज्ञानाची म्हणून सांगितली.

त्या वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र पालघरला होतं. बोईसरहून मुलांना तिथं वेळेवर पोचवायचं होतं. मुख्याध्यापकांनी मास्तरांच्या खोलीत विचारलं, "ही जबाबदारी कोण घेईल?" आणि त्यांचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर गेला. परीक्षेआधी आठ दिवस आम्ही पालकांना शाळेत बोलावलं. मी फळ्यावर आकृती काढली. डावीकडे बोईसर, उजवीकडे पालघर, मध्ये रुळांच्या दोन रेघा. सकाळी नऊ वीसची गाडी. पंचवीस मिनिटांत पालघर. तिथून केंद्र पंधरा मिनिटांवर. म्हणजे दहा वाजता मुलं दारात. पेपर अकराला. एक तास शिल्लक. फळ्यावर ते फार देखणं दिसत होतं.

मागच्या बाकावर घिवलीची एक बाई बसली होती. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. ही बाई मासळीची टोपली घेऊन बोईसर स्टेशनवर यायची आणि गाडीनं विरारच्या बाजाराला जायची. घिवलीहून बोईसर सात-आठ मैल. ते ती कधी एसटीनं, कधी कामावरच्या ट्रकनं आणि काही मिळालं नाही तर पायी यायची. वीस वर्षं तिचं हे चालू होतं. मी तिला मावशी म्हणायची.

मावशी म्हणाली, "बाई, गाडी लेट आली तर?"

"तासभर हातात ठेवलाय ना मी," मी फळ्यावरच्या आकड्याला खडूनं गोल केला.

"आणि वाटंत उभी रायली तर?"

"बोईसर ते पालघर मध्ये उभं राहण्यासारखं आहे काय?"

तिनं फळ्यावरच्या गोलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "सातची गाडी बरी."

"अहो मावशी, सातच्या गाडीनं गेली तर मुलं साडेसातला पोचतील. साडेतीन तास तिथं करणार काय?"

"बसतील," ती म्हणाली.

मी हसले. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात मी तिला आणि सगळ्यांनाच सांगितलं की परीक्षेच्या दिवशी मुलांची झोप व्हायला हवी, उगाच लवकर उठवून दमवू नये, आणि हिशेब करून ठरवलेल्या वेळेवर विश्वास ठेवावा. मावशीनं मान हलवली. मी तो होकार समजले. नंतर मला कळलं की ती मान 'बरं, बोलून घ्या' अशी होती.

मुलं हॉल-तिकीट हरवतात, घरी विसरतात, म्हणून सातही तिकिटं मी माझ्याकडे ठेवून घेतली. मेणकागदात गुंडाळली, वर कापडी पिशवी शिवली.

परीक्षेच्या दिवशी मी पावणेनऊला बोईसर स्टेशनवर होते. फलाटावर माझं एकही मूल नव्हतं. नऊ वाजले तरी नव्हतं. मी फलाटाच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहिलं. तेवढ्यात पाण्याच्या नळाजवळ बसलेली मावशी उठून माझ्याकडे आली. आज तिच्याजवळ भरलेली टोपली नव्हती. धुतलेलं लुगडं होतं, केसात अबोलीचा गजरा होता आणि काखेत एक लहान पाटी, तिच्यात नुसती भाकरीची पुरचुंडी.

"पोरं सातच्या गाडीनं गेली, बाई."

"सगळी?"

"सगळी. पामच्यांना आणि बेटेगावच्या पोराला मी काल सांगून ठेवलं होतं. डोंगरातला आमच्याकडंच झोपायला होता."

मी रागावले. मला न विचारता, माझं वेळापत्रक मोडून. "मग तुम्ही का नाही गेलात?"

"तुमी इथं पोरांची वाट बघत बसाल, म्हून मी मागं रायली."

यावर आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, "दमून जातील मुलं."

नऊ वीसची गाडी नऊ पन्नासला आली. मी मावशीला सांगितलं की अजून काही बिघडलेलं नाही, तासातला अर्धा तास उरलेला आहे. तिनं पाटी उचलली आणि डब्याचं दार गाठलं. आम्ही दोघी बायकांच्या डब्यात खिडकीशी बसलो. पिशवी मी मांडीवर धरली होती. इंजिनाचा धूर आत येत होता आणि गाडी बरी पळत होती. मी मनात दर पाच मिनिटांना पालघर किती जवळ आलं ते मोजत होते.

दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी हळू झाली आणि थांबली. दोन्ही बाजूंना सुकलेली भातशेतं. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. पुढे रुळावर एक माणूस लाल निशाण घेऊन उभा होता आणि त्याच्या पलीकडे दहा-बारा जण रुळाखालची खडी ठोकून बसवत होते. मी बसून राहिले. दहा मिनिटं गेली. पंधरा झाली. मी उठून दाराशी गेले आणि खालून चाललेल्या त्यांच्या मुकादमाला विचारलं, "पालघर कितना रहा?"

"ढाई होगा, बहनजी."

अडीच. माझ्या डोक्यात लगेच वही उघडली. अडीच किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरनं अर्धा तास. आता दहा वीस झाले आहेत. केंद्र वाटेतच, स्टेशनच्या अलीकडे आहे, म्हणजे फार तर दहा पन्नासला मी तिथं. दहा मिनिटं शिल्लक. गाडीचं मात्र काही सांगता येत नाही. जे सांगता येत नाही त्यावर मुलांचं वर्ष सोडायचं नाही, असं मी ठरवलं आणि पदर खोचला.

"कुठं निघालात, बाई?" मावशीनं विचारलं.

"चालत जाते. अर्ध्या तासात पोचेन."

"उतरू नका. काम उरकलंय त्यांचं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बघा ना, पहारी गोळा करायला लागलेत. आता पाणी पितील आणि बाजूला होतील."

मी पाहिलं. खरंच दोन माणसं पहारी उचलून एका जागी ठेवत होती. मला ते पंधरा मिनिटं दिसतच होतं, पण त्यात काही मोजण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते पाहिलं नव्हतं.

"मावशी, तुमचा अंदाज आहे. माझा हिशेब आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी खरोखर म्हणाले. मला ते आजही जसंच्या तसं आठवतं आणि दर वेळी कानाच्या पाळ्या गरम होतात.

तिनं वाद घातला नाही. ती म्हणाली, "मंग ते कागद तरी माझ्याकडं द्या. तुमी चालत या. मी गाडीनं येते. दोघींतली एक तर पोचंल."

याच्यापेक्षा शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी कोणी बोललं नाही. मी तिच्या हाताकडे पाहिलं. तिच्या काखेतल्या पाटीकडे पाहिलं. ती धुतलेली होती, पण वास होताच. माझ्या डोळ्यांसमोर ती सात तिकिटं आली, ओली, डागाळलेली, आणि तिकिटांवरचं एक अक्षर वाचता न येणारी ही बाई केंद्राच्या दारात उभी. मी पिशवी छातीशी धरली.

"नको. माझी जबाबदारी आहे," मी म्हणाले आणि खाली उडी मारली.

रुळाच्या कडेनं चालायला लागल्यावर पहिल्या शंभर पावलांत मला एक गोष्ट कळली. पुस्तकातला माणूस खडीवरून चालत नाही. त्याच्या पायात पातळ तळाच्या चपला नसतात आणि अंगावर पाचवारी साडी नसते. खडीवरून पाय सरकत होता, म्हणून मी रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून चालायला गेले, तर त्यांच्यातलं अंतर माझ्या एका पावलाला जास्त आणि दोन पावलांना कमी. माझी चाल लंगड्या बदकासारखी झाली.

साधारण दहा मिनिटांनी मागून शिटी ऐकू आली. मी घाईघाईनं बाजूच्या उतारावर झाले आणि एका बाभळीत पदर अडकला. गाडी माझ्या शेजारून गेली. बायकांच्या डब्याच्या दारात मावशी उभी होती. तिनं हात पुढे केला, पिशवी मागितल्यासारखा. मी पदर सोडवीपर्यंत डबा पुढे निघून गेला होता. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती मुलांची होती की माझी ते मला समजलं नाही. शेवटचा डबा गेला तसा गार्डानं माझ्याकडे बघून हिरवं निशाण हलवलं. ते इंजिनाला होतं, पण मला ते माझ्यासाठीच वाटलं.

त्यानंतर मी जमेल तितकं पळत होते. वाटेत ओढ्यावरची एक लहानशी मोरी लागली. खाली पाणी नव्हतं, पण स्लीपरांमधून तळ दिसत होता. मी चपला हातात घेतल्या, बसले, आणि बसून बसून पलीकडे गेले. आमच्या शाळेतलं कोणी पाहिलं नाही, एवढंच. उठताना एका चपलेचा अंगठा तुटला. ती मी तिथेच सोडली. मग एकाच पायात चप्पल बरी नाही म्हणून दुसरीही टाकली.

दहा पन्नास झाले. माझ्या हिशेबाप्रमाणे मी केंद्राच्या दारात होते. प्रत्यक्षात एका फाटकापाशी होते आणि समोर पालघरचा मागमूस नव्हता. फाटकवाला खाटेवर बसून तंबाखू मळत होता. मी धापा टाकत विचारलं, "पालघर किती?"

"मैल-सव्वा मैल असंल."

"असं कसं? गाडी थांबली होती तिथून अडीच होतं. अर्धा तास चालतेय मी."

"हां, अडीच मैल हाय तिथनं," तो म्हणाला.

मैल. वर्षभर मी ओरडून सांगत होते की आता मैल गेले, आता किलोमीटर. सगळ्या देशाला ते पटलं आहे असं धरून चालणारी मी एकटीच होते. अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर. फाटकापाशी उभ्या उभ्या मी तेही गुणून पाहिलं, सवय अशी. मग फाटकवाल्यानं मला पाणी दिलं. ते पिताना मला रडू आलं. सात मुलांचं वर्ष माझ्या पिशवीत होतं आणि पिशवी भलत्याच ठिकाणी होती.

मी केंद्रावर पोचले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. आवार शांत होतं. पायरीवर मावशी पाटी बाजूला ठेवून बसली होती. मला बघून ती उठली, तिनं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत हायत पोरं. लिहायला बसली."

"तिकिटांशिवाय?"

"बसवली साहेबांनी."

केंद्राचे प्रमुख खोलीत होते. पिकलेल्या मिशांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि टाके उसवू लागले. टाके निघेनात. त्यांनी कात्री दिली. मेणकागदातून तिकिटं बाहेर काढली तर ती दमट झाली होती आणि दोनांवरची शाई फुटली होती. मासळीच्या पाण्यानं नव्हे, मेणकागदाच्या घडीतून झिरपलेल्या माझ्याच घामानं. इतका वेळ छातीशी धरून धावल्याचा तो परिणाम. एका तिकिटावर तर नावाचा नुसता निळा ढग झाला होता. ते नाव माझ्याच हुशार विद्यार्थिनीचं, मावशीच्या मुलीचं.

"बाई, तुम्ही कुठल्या विषयाच्या?" त्यांनी विचारलं.

"गणिताच्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग सांगितलं की बैठक क्रमांकांची यादी त्यांच्याकडे होतीच, मुलांना आपापले क्रमांक पाठ होते, तेव्हा अडचण नव्हती. "पण मी जरा टाळाटाळ करत होतो, खोटं कशाला बोलू. त्या बाहेरच्या बाईनं मला बसू दिलं नाही. म्हणाली, बाई रुळावरनं पळत येतायत, मी डोळ्यांनी बघितली, कागद त्यांच्या छातीशी हायत, त्या येणारच. म्हणाली, तुमी दाराशी येऊन बघा पायजे तर. आता तिच्याबरोबर दाराशी कितीदा जायचं? मी बारापर्यंतची मुदत दिली."

म्हणजे तो शेवटचा मैल मी सावकाश चालले असते तरी चाललं असतं.

बाहेर आले तेव्हा मावशीनं पाटीतून केळीच्या पानात बांधलेली भाकरी काढली. आम्ही पायरीवर बसून खाल्ली. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "तो मुकादम मैल म्हणाला असता तर..." तिनं माझ्या पानावर आणखी एक तुकडा ठेवला. दोन वाजता मुलं बाहेर आली. ती दमलेली वगैरे नव्हती. सकाळी साडेसातला पोचून त्यांनी आवारातल्या झाडाखाली आडवं होऊन चांगली दोन तास झोप काढली होती.

पुढच्या सगळ्या पेपरांना आम्ही सातच्या गाडीनं गेलो, मीही. ठरवलं कोणी, हे कोणी बोललं नाही. गणिताच्या पेपरात आगगाडीचं एक उदाहरण आलं होतं. सुटल्यावर मी मावशीच्या मुलीला विचारलं, "आगगाडीचं सोडवलंस ना?"

"सोडवलं बाई. तुमच्यावाणी. गाडी वाटंत कुठं थांबत नाय असं धरून."

तिनं हे अगदी सरळपणानं सांगितलं. मी नुसतं 'छान' म्हणाले.

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी मी घिवलीला गेले. मला मावशीशी एकटीशी बोलायचं होतं. एसटीनं गेले, पुढे वाळूतून चालत. ती घरामागे बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करायची आणि दोरीवर टाकायची. हात इतके भराभर चालत होते की मी, नको नको म्हणता, एका मिनिटाला किती होतात ते मोजायला लागले. मग स्वतःलाच दटावलं.

"मावशी, त्या दिवशी मी कागद तुमच्याकडे द्यायला हवे होते," मी म्हणाले.

ती काम करत राहिली. "वास लागंल म्हून नाय दिलेत ना?"

मला खोटं बोलायचं होतं. 'नाही, जबाबदारी होती म्हणून' हे वाक्य तयार होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. "हो," मी म्हणाले. "आणि तुम्हाला वाचता येत नाही म्हणून."

"वास तर लागलाच असता," ती म्हणाली. "वाचायला मला काय करायचं होतं? न्यायचे होते नुसते." मग एक जोडी दोरीवर टाकून, "मला राग आला होता बाई. तुमी गाडीतनं उडी मारलीत तवा मनात म्हटलं, पडू दे हिला. मंग वाटलं, पडली तर पोरांचे कागद बी पडतील."

मला हसू आलं आणि तिलाही. तिनं माझ्या हातात बोंबलांची टोपली दिली आणि जोड्या करायला लावल्या. माझ्या बारा जोड्यांतल्या सात दोरीवरून खाली पडल्या. तिनं त्या एकेक उचलून पुन्हा टाकल्या आणि म्हणाली, "तुमी आत जाऊन बसा, जेवायला वाढते." त्या दिवशी बोईसरची शेवटची एसटी किती वाजता आहे हे मी विचारलं नाही. ती चुकली. मी घिवलीलाच राहिले आणि सकाळी मावशीबरोबर एका ट्रकच्या मागच्या बाजूला, मासळीच्या टोपल्यांमध्ये बसून शाळेत आले. पहिल्या तासाला मुलं माझ्यापासून जरा लांब बसली होती.

निकाल लागला तेव्हा सातांतली पाच पास झाली. मावशीची मुलगी पास झाली, पुढे तिनं शिक्षिकेचा कोर्स केला. डोंगराकडचा मुलगा गणितात थोडक्यात राहिला. त्याला मी ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेसाठी माझ्या खोलीवर शिकवलं. त्यानं मला त्या बदल्यात एक गोष्ट शिकवली. उदाहरण देताना आधी तो माणूस कोण, कुठं चाललाय आणि कशाला, हे सांगायचं. मी तसं सांगायला लागले. उदाहरणं लांबायला लागली, तासाला दोनच व्हायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वहीत 'शिक्षिका विषयांतर करतात' असा शेरा मारला. ऑक्टोबरात तो मुलगा पास झाला.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी मास्तरांच्या खोलीत पुन्हा तोच प्रश्न निघाला. या वेळी मी हात वर केला नाही, आणि माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. मुख्याध्यापकांनी सगळी हॉल-तिकिटं चित्रकलेच्या मास्तरांच्या स्वाधीन केली. मी त्या शाळेत होते तोवर ती त्यांच्याकडेच राहिली. मला मुलांच्या पिण्याच्या पाण्याची कळशी दिली. सातच्या गाडीत ती मी मांडीवर घेऊन बसायची.